ग्रुनवाल्ड 1410: माझ्या पोलिश सैन्याच्या नोंदी

4 जानेवारी

शिलाई मशीनशेजारचं टेबल आज माझ्या नावावर झालं. वर जुनी काच, तिच्यावर वर्तमानपत्र, दिवा डाव्या हाताला. यंदा एकच काम हाती घ्यायचं ठरवलंय: 15 जुलै 1410 रोजी ग्रुनवाल्डच्या माळावर उभं राहिलेलं पोलंडचं सैन्य, 28 मिमी मापाच्या छोट्या पुतळ्यांच्या रूपात, रंगवून युद्धखेळाच्या पटावर मांडायला तयार. समोरचं सैन्य, म्हणजे ट्युटॉनिक सरदारांचं (जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ), पुण्यातला मित्र रंगवतोय. पट 15 जुलैलाच मांडायचा, असं आमचं ठरलंय.

एकूण चाळीस फिगर. अठरा पूर्ण चिलखती स्वार, सहा क्रॉसबोवाले स्वार, पोलंडच्या बाजूने लढलेल्या लिथुएनियाचे चार हलके स्वार आणि बारा पायदळी. चिलखती स्वार 60 मिमी रुंदीच्या तळावर तीन-तीन, म्हणजे सहा तळ. प्रत्येक तळावर एक निशाण. काही धातूचे, काही प्लॅस्टिकचे. शंभर वर्षांच्या युद्धातल्या फ्रेंच-इंग्लिश स्वारांचे डबे घेतलेत, कारण 1410 च्या आसपास श्रीमंत सरदाराचं चिलखत पॅरिसमध्ये आणि पोलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, क्राकोवमध्ये, फार वेगळं नव्हतं. बॅसिनेट शिरस्त्राण, त्याखाली खांद्यापर्यंत लोंबणारी कडीची झालर, हातापायांना पोलादी पत्रे.

पोलंडच का, असं घरात विचारून झालं. आजीचं माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत पोलंडचे सुमारे 5000 निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आजी तेव्हा लहान होती. ‘पोलंडची माणसं’ हे दोन शब्द मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलेत की तो देश मला कधी लांबचा वाटलाच नाही. नकाशात कुठे आहे हे कळायच्या आधी तो आमच्या गावाच्या गोष्टींत होता.

9 जानेवारी

मित्राचा फोन. पहिला प्रश्न: "पंख कुठायत?" पोलंडचा घोडेस्वार म्हटला की सगळ्यांना पाठीवर पिसांचे पंख लावलेले हुसारच आठवतात. ते सोळाव्या-सतराव्या शतकातले. माझ्या माणसांना पंख नाहीत, आणि तसे डबे घ्यायचे नाहीत.

चिलखतधारी सरदार एकटा यायचा नाही. तो आणि त्याच्यामागचे हलके स्वार, त्यांतले बरेच क्रॉसबो घेतलेले, मिळून एक ‘कोपिया’. शब्दाचा अर्थ भालाच. अशा अनेक कोपिया एका निशाणाखाली आल्या की ‘होरोंग्येफ’. या शब्दाचा एक अर्थ निशाण, दुसरा त्या निशाणाखालचं पथक. मला हे फार आवडलं. निशाण आणि पथक वेगळं नाहीच, त्यामुळे निशाण चुकलं तर तळ चुकला.

21 जानेवारी

दोन आठवडे फक्त वाचन चाललंय, ब्रशला हात नाही. आज जे समजलं ते नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहणार.

लढाई संपल्यावर ट्युटॉनिक सरदारांची जिंकलेली निशाणं क्राकोवला नेली आणि तिथल्या वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये टांगली. 1448 मध्ये यान द्वुगोश या इतिहासकाराने ती क्राकोवच्या स्तानिस्वाव दुरिंक या चित्रकाराकडून चर्मपत्रावर रंगवून घेतली. छप्पन्न निशाणं. ‘बांदेरिआ प्रुतेनोरुम’ नावाचं ते हस्तलिखित आजही आहे. कापड केव्हाच नाहीसं झालं, चित्रं राहिली. म्हणजे माझ्या मित्राचं काम सोपं: पान उघडायचं, बघायचं, रंगवायचं.

आणि जिंकलेल्यांची निशाणं? ती कोणी टांगली नाहीत. ज्याची त्याची ती घरी गेली, वापरात झिजली, फाटली. त्यांचं असं चित्र नाही. उरली फक्त वाक्यं, तीही त्याच द्वुगोशची. त्याने आपल्या इतिहासात पोलंडची पन्नास आणि लिथुएनियाची चाळीस निशाणं सांगितली आणि पोलिश निशाणांची एकेक करून खूण दिली: भूमी कुठल्या रंगाची, तिच्यावर काय. त्याचा जन्म 1415 चा, लढाईनंतर पाच वर्षांनी. पण त्याचे वडील त्या लढाईत होते. आणि तो ज्याच्या पदरी चिटणीस होता तो झ्बिग्नेव्ह ओलेश्नित्स्की तर ऐन लढाईत पोलंडचा राजा व्वादिस्वाफ यागिएव्वो याच्या बाजूला होता. राजावर चालून आलेल्या स्वाराला त्याने मोडक्या भाल्याने घोड्यावरून पाडलं असं द्वुगोश लिहितो. म्हणजे ऐकीव असलं तरी घरातलं ऐकीव.

हरलेल्यांची चित्रं आहेत आणि जिंकलेल्यांचे शब्द. मला शब्दांवरून रंगवायचंय. पहाटे दोनपर्यंत झोप आली नाही, इतका आनंद झाला.

2 फेब्रुवारी

कानस मारणं. घोड्यांच्या पोटाखालची साच्याची रेघ सगळ्यात चिवट. नऊ घोडे झाले.

8 फेब्रुवारी

उरलेले एकोणीस. बोटांना फोड.

15 फेब्रुवारी

सहा निशाणं नक्की केली.

एक, क्राकोवचं थोरलं निशाण, तेच राज्याचं: लाल भूमीवर पांढरा गरुड, पंख पसरलेले, चोच उघडी, डोक्यावर मुकुट. दोन, राजाच्या तैनातीतल्या पथकाचं ‘गोंचा’, त्याचं पुढे. तीन, राजदरबाराचं ‘पोगोन’: लाल भूमीवर पांढऱ्या घोड्यावरचा तलवार उगारलेला चिलखती स्वार. चार, सेंट जॉर्जचं: लाल भूमीवर पांढरा क्रूस, याखाली बोहेमिया-मोरेवियाचे भाडोत्री सैनिक होते. पाच, लुब्लिन प्रांताचं: लाल भूमीवर फाकलेल्या शिंगांचा सांबर. सहा, कालिशचं: चौकटीच्या पटावर रानबैलाचं डोकं, त्यावर मुकुट, नाकात कडी.

यादी लिहिताना लक्षात आलं की सहांपैकी चार लाल. म्हणजे लाल रंग जमला नाही तर काहीच जमलं नाही.

3 मार्च

लालच लाल. आठ दिवस.

पहिल्यांदा बाटलीतला भडक लाल जसाच्या तसा मारला. कापड वाटेना, प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसायला लागला. मग वाचायला बसले आणि एका किड्यापाशी पोचले. पोलंडच्या वाळूच्या माळरानांवर एका ठेंगण्या रोपाच्या मुळांशी एक बारीक किडा राहतो. त्याच्या अळ्या जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाच्या सुमाराला खणून काढायच्या, मारून वाळवायच्या आणि त्यातून लाल रंग काढायचा. हा रंग पोलंडमधून बाहेरदेशी जायचा. किड्याचं नाव ‘चेर्व्येत्स’. पोलिश भाषेत जून महिन्याचं नावही तेच, आणि लाल रंगाला म्हणतात ‘चेर्वोनी’. किडा, महिना आणि रंग, तिन्ही एकाच मुळाचे.

आपल्याकडे किरमिजी म्हणतो तोही किड्याचाच रंग. शब्द फारसीतून आला, त्यातला ‘किर्मिज’ म्हणजे असाच रंग देणारा किडा. हे माहीत होतं, पण डोक्यात एकत्र आलं नव्हतं. आजीच्या ट्रंकेतला किरमिजी खण काढून दिव्याखाली धरला. घडीच्या खोलगट जागी तो जवळजवळ जांभळा होतो आणि उंचवट्यावर तांबडा, पण कुठेही केशरी होत नाही. तिथेच माझी चूक सापडली. मी उजेडाच्या जागी लालमध्ये पिवळा मिसळत होते.

आता असं करते: काळ्या प्रायमरवर गडद तपकिरी-लाल, त्यावर किरमिजी दोन पातळ हात, उंचवट्यावर किरमिजीत थोडा कातडीचा गुलाबी. पिवळा अजिबात नाही. सावलीला जांभळ्याचा अगदी पाण्यासारखा वॉश. हा लाल क्राकोव आणि दरबाराच्या तळांना. लुब्लिन आणि सेंट जॉर्जच्या लोकांना मंजिष्ठेचा लाल, विटकरीकडे झुकणारा, कारण मुळीचा रंग स्वस्त आणि भाडोत्री सैनिकाला किड्याचा रंग कोण देणार. ही विभागणी माझी आहे, कुठल्या पानावर लिहिलेली नाही. पण चार लाल तळ शेजारी ठेवले की आता प्रत्येक वेगळा ओळखू येतो.

19 मार्च

झुली. घोड्यांच्या झुलींवर आणि ढालींवर सरदारांची कुलचिन्हं यायची. पोलंडची एक रीत मला फार जवळची वाटली: एक कुलचिन्ह एका घराचं नसतं, अनेक घराणी मिळून एकच चिन्ह लावतात आणि त्या चिन्हाला स्वतःचं नाव असतं. टोपोर म्हणजे कुऱ्हाड, लाल भूमीवर पांढरी. लेलिवा म्हणजे निळ्यावर पिवळी चंद्रकोर आणि चांदणी. पोराय म्हणजे लालवर पांढरा गुलाब. नाउएंच म्हणजे लालवर गाठ मारलेला पांढरा फेटा. निदान मला तरी तो फेटाच दिसतो.

पहिल्या फळीत झाविशा चार्नी ठेवला. चार्नी म्हणजे काळा. क्राकोवच्या निशाणापुढच्या रांगेतल्या सरदारांत द्वुगोश त्याचं नाव घेतो. पुढे 1428 मध्ये डॅन्यूबकाठच्या गोलुबाक किल्ल्यापाशी तुर्कांशी लढताना तो मेला. त्याचं कुलचिन्ह सुलिमा: वरच्या अर्ध्यात पिवळ्यावर काळा अर्धा गरुड, खालच्या अर्ध्यात लालवर तीन रत्नं. 8 मिमीच्या ढालीवर अर्धा गरुड काढायला दोन संध्याकाळी गेल्या. चिलखत काळसर ठेवलंय, कडांना फक्त चंदेरी ओरखडा.

12 एप्रिल

डोळे. मला डोळे जमत नव्हते. सगळे स्वार घाबरल्यासारखे बघत होते.

शेवटी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गेले. लहानपणापासून आमचा गणपती तिथूनच येतो. मूर्तींचं काम एप्रिलपासून सुरू झालेलं, सगळीकडे शाडूचा वास. आखणी करणाऱ्या काकांना डबीतून तीन स्वार काढून दाखवले. त्यांनी एक चिमटीत धरला, उजेडाला फिरवला, आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुमी पांढरा जास्त ठेवलाय. माणूस उन्हात उभा हाय न्हवं? मग डोळा बारीक करंल का न्हाई?"

एवढंच. ग्रुनवाल्डला जुलैचं ऊन होतं आणि राजाने ट्युटॉनिक फौजेला बराच वेळ ताटकळत ठेवलं होतं. स्वतः तो प्रार्थनेला बसला होता. उन्हात चिलखत घालून उभी असलेली माणसं डोळे मोठे कशाला करतील?

काकांनी ब्रश कसा धरायचा तेही दाखवलं. करंगळी मूर्तीला टेकलेली, श्वास सोडून झाल्यावर रेघ. "रंग टोकाला नको, पोटात पायजे. टोक निस्तं लागलं पायजे." घरी येऊन रात्रीत अकरा चेहरे पुन्हा केले. आधी पूर्ण डोळ्याच्या जागी गडद तपकिरी रेघ, तिच्यात दोन्हीकडे पांढऱ्याचा टिपका, मध्ये उरेल ते बुबुळ. वरची पापणी जाड, खालची जवळजवळ नाही. काम झालं.

5 मे

क्राकोवचा गरुड काढला. 38 मिमीच्या कागदावर, दोन्ही बाजूंना. रात्री साडेअकराला संपला आणि मी समाधानाने झोपले. सकाळी बघते तर हा आजच्या पोलंडच्या राजमुद्रेवरचा गरुड! ती आकृती 1927 मध्ये केलेली आहे. हाताला नकळत ओळखीचं तेच आलं.

टाकून दिला. वाईट वाटलं, पण ठेवता येणार नव्हता.

11 मे

नवा गरुड. आधार 1295 चा, प्शेमिस्व दुसरा राजा झाला तेव्हाच्या मुद्रेचा. मुकुटधारी गरुड राज्याची खूण झाला तो तिथून. मान उंच, अंग सडपातळ, पंखांची पिसं बोटांसारखी सुटी आणि खाली लोंबणारी. आजच्या गरुडापेक्षा हाडकुळा आणि जास्त रागीट. पांढऱ्याखाली आधी फिकट राखाडीचा हात दिला, नाहीतर किरमिजी वर फुटून सगळं गुलाबी होतं.

हे निशाण धरणारा व्रोत्सिमोविट्सेचा मार्चिन. ऐन धुमश्चक्रीत ते खाली पडलं आणि जवळच्या कसलेल्या सरदारांनी लगेच उचललं, असं द्वुगोश सांगतो. म्हणून काठी पक्की चिकटवली नाही. स्वाराच्या मुठीत पितळी नळीचा तुकडा बसवला आणि काठी त्यात नुसती सरकवली. पटावर हा तळ मागे हटला तर निशाण काढून आडवं ठेवायचं, सावरला की पुन्हा उभं करायचं. मित्राला फोनवर सांगितलं. त्याने मान्य केलं.

24 मे

गोंचा. या एका निशाणाने तीन आठवडे घेतले.

द्वुगोशचं वाक्य छोटं आहे: दोन पिवळे क्रूस, निळी भूमी. ‘पिवळा’साठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द ‘ग्लाउकुस’. साध्या लॅटिन कोशात बघाल तर अर्थ मिळतो करडा-निळा. निळ्यावर निळा? मी चक्रावले. मग कळलं की पोलंडच्या मध्ययुगीन लॅटिनमध्ये तोच शब्द पिवळ्यासाठी वापरत. ती गाठ सुटली. दुसरी राहिली: दोन क्रूस म्हणजे काय?

मी शब्दशः घेतलं. दोन सुटे क्रूस, शेजारी-शेजारी. रंगवूनही झाले. पण व्वादिस्वाफ यागिएव्वो राजाच्या घराण्याचं चिन्ह आहे निळ्यावर सोनेरी दुहेरी क्रूस: एकच उभा दांडा आणि त्यावर दोन आडवे. अनेक अभ्यासक म्हणतात तेच इथे अभिप्रेत आहे. क्रूस एक, आडवे दांडे दोन, आणि सांगणाऱ्या-लिहिणाऱ्याच्या हातून ‘दोन क्रूस’. विचार केला तर पटतं. राजाच्या तैनातीतल्या पथकावर राजाच्या घराची खूण नसेल तर कुणाची असेल? पण वाक्य तर ‘दोन’ म्हणतं.

तीन दिवस दोन्ही निशाणं टेबलावर उभी होती. शेवटी दुहेरी क्रूस ठेवला. पण मनात एक टोचणी राहिली: जो कोणी हा तळ हातात घेईल त्याला माझं उत्तर दिसेल, प्रश्न दिसणार नाही.

2 जून

लिथुएनियन चार स्वार. द्वुगोश म्हणतो, त्यांच्या चाळीसपैकी तीस निशाणांवर लाल भूमीवरचा तलवार उगारलेला स्वार, घोडा कधी पांढरा, कधी काळा, कधी तांबूस, कधी ठिपक्यांचा. उरलेल्या दहांवर वेगळीच खूण: लिथुएनियाचा शासक विटोल्ड आपल्या घोड्यांना जो डाग द्यायचा, तोच. घोड्याच्या पुठ्ठ्यावरची खूण निशाणावर चढली! एका निशाणावर ठिपक्यांचा घोडा घेतला, दुसऱ्यावर डागाची खूण, आणि तीच खूण चारही घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर तपकिरी बारीक रेघेने. दीड मिमी. चष्म्यावर भिंग लावून.

10 जून

गवताचे पेंढे. राजाने आपल्या माणसांना ओळखीसाठी गवताच्या काडीचे पट्टे बांधायला सांगितलं होतं, आणि परवलीचे शब्द दिले होते ‘क्राकोव’ आणि ‘विल्ना’. रंगवलेला पट्टा खोटा वाटत होता, म्हणून सुतळी उसवली. एक धागा, त्याचा आणखी चौथा भाग, ओलं बोट, पीळ, दंडाभोवती दोन वेढे, गाठीऐवजी फेव्हिकॉलचा थेंब, आणि टोकं नखाने कापलेली. वाळल्यावर वर फिकट पिवळसर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ सुक्या ब्रशने हात. एका पट्ट्याला पाच मिनिटं. चाळीस पट्टे.

या पट्ट्यांनी जे झालं ते रंगाने झालं नव्हतं. कोणी किरमिजी झुलीत, कोणी विटकरी अंगरख्यात, कोणी कातडी टोपीत, आणि सगळ्यांच्या दंडाला तीच काडी. एकाएकी ते एकमेकांचे दिसायला लागले.

22 जून

संकट. मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत नऊ स्वारांवर पांढरी भुकटी चढली. पावसाची झड लागलेली, हवेत पाणीच पाणी, आणि मी गॅलरीत उभी राहून स्प्रे मारत होते. चूक पूर्णपणे माझी. झाविशा त्यात होता.

रात्रभर काही केलं नाही. हात लावायचा धीर झाला नाही.

24 जून

आधी एका पायदळी शिपायावर करून बघितलं. ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला आणि पांढुरकेपणा विरघळल्यासारखा गेला. रंग परत आला. मग एकेक करून नऊही. वाळल्यावर त्यावर ब्रशनेच मॅट, बंद खोलीत. आठ पूर्ण वाचले. लुब्लिनच्या सांबराच्या शिंगांवर धुरकटपणा राहिला, शिंगं पुन्हा काढली. पाऊस थांबेपर्यंत स्प्रेचा डबा कपाटात.

6 जुलै

तळ. लढाईच्या आदल्या रात्री मोठं वादळ झालं होतं, त्यामुळे जमीन सुकी दाखवायची नाही. नदीची चाळलेली वाळू, त्यावर गडद तपकिरी, घोड्यांच्या खुरांपाशी ग्लॉसचे टिपके, म्हणजे ओल दिसते. गवत कमी, तेही एका दिशेला लवलेलं.

12 जुलै

24 मेच्या टोचणीवर उपाय सापडला.

प्रत्येक तळाच्या खालच्या बाजूला पांढरा रंग दिला आणि बारीक निबच्या पेनने तिथे द्वुगोशचं वाक्य मराठीत लिहिलं. वर माझं चित्र, खाली त्याचे शब्द. क्राकोव: ‘लाल भूमीवर पांढरा गरुड, पंख पसरलेले, चोच उघडी, मुकुटासह.’ कालिशच्या खाली फक्त ‘चौकटीचा पट’ लिहिलंय; वर मी चौकटी लाल-पांढऱ्या केल्यात, ते रंग माझे आहेत. गोंचाच्या खाली ‘दोन पिवळे क्रूस, निळी भूमी’.

भाचा बाजूला बसला होता. त्याने गोंचाचा तळ उलटा केला, वाचला, सुलटा केला, निशाण बघितलं. "मावशी, दोन कुठायत? हा तर एकच आहे."

त्याला शेजारी घेतलं, टाकून न दिलेलं जुनं निशाण डबीतून काढलं आणि दोन्ही समोर ठेवली. त्याने बराच वेळ बघून सुट्या क्रूसांवर बोट ठेवलं. मी त्याला परवा पुण्याला जाणाऱ्या पेटीत ते दुसरं निशाणही ठेवायला सांगितलंय. याचीही काठी नळीतच आहे, बदलायला वेळ लागत नाही.

शाई ओली आहे. बाराही पायदळी आडवे, सगळे तळ पालथे, टेबलावर जागा नाही.